खळ्यावरचा प्रयोग

निर्मला पुण्याजवळच्या कॉलेजात नाटक शिकायला जाणार म्हटल्यावर वेवजी गावच्या त्या पाड्यावर सगळ्यांत मोठ्याने हसला तो तिचा बाप लडक्या.

"नाटक बघायला एवढ्या लांब? पंचायतीत जाऊन बस. फुकट असतं."

"तिथे डिग्री देत नाहीत ना, बा."

"आणि डिग्री घेऊन काय होशील? तहसीलदार?"

"होईन की. स्टेजवर."

सोनीबाई अंगणात वरई पाखडत होती. ती लडक्याची थोरली बहीण, निर्मलाची फुई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ओहळाच्या काठी भाताचं एक खाचर होतं आणि भावाची ही पोर होती. सुपावरची नजर न काढता ती म्हणाली, "जाऊ दे तिला. इथे राहून काय करील, माझ्यासारखी पाखडत बसेल?" बहिणीपुढे लडक्याचं कधी काही चालत नसे.

हे २०१५ सालचं. डहाणूच्या वसतिगृहात राहून निर्मला बारावी झाली होती आणि शिष्यवृत्तीवर तिला टेकडीवरच्या त्या कॉलेजात जागा मिळाली होती. तिथली मुलं एकाच दिवशी अर्थशास्त्र, कविता आणि ग्रहतारे शिकत. नाटकाच्या वर्गात सगळे जमिनीवर उताणे पडून श्वास घ्यायला शिकत. निर्मलाला वाटलं, हे तर आपल्याला येतं. मग कळलं, तेही येत नाही.

पहिल्या वर्षी तिच्याकडे दिव्यांचं काम आलं. दुसऱ्या वर्षी भूमिका आली, जंगलात राहणाऱ्या बाईची. संवाद नव्हते, नायक बोलत असताना त्याच्याकडे बघत उभं राहायचं होतं. "तुझ्या चेहऱ्यात माती आहे," दिग्दर्शन करणारा मुलगा कौतुकाने म्हणाला. निर्मलाने खोलीवर येऊन आरशात पाहिलं. माती काही दिसली नाही.

तिचा जीव रमायचा तो तालमीआधीच्या खेळांत. नाटक शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना गोल उभं करायच्या आणि एकेक वाक्य टाकायच्या. ज्याला ते स्वतःचं वाटेल त्याने हात वर करायचा. आज ज्यांनी चहा घेतला नाही. ज्यांना घरची आठवण येते. ज्यांना अंधाराची भीती वाटते. निर्मलाचा हात पुष्कळदा वर जाई, आणि आजूबाजूला बघावं तर आणखी कितीतरी हात वर असत. एरवी कँटीनमध्ये तिच्याशी न बोलणारेसुद्धा. मॅडम म्हणायच्या, "लक्षात ठेवा, प्रेक्षकाचा हात एकदा वर गेला की तो प्रेक्षक राहत नाही."

हे वाक्य तिने मनात जपून ठेवलं.

तिसऱ्या वर्षी एक प्रयोग लोकांमध्ये जाऊन करायचा होता, त्याला वेगळे गुण होते. कॉलेजने गावोगावी काम करणाऱ्या एका संस्थेशी बोलणी करून ठेवली होती. संस्थेचा डहाणूचा माणूस भावेश. चिकूच्या वाडीवाल्यांचा मुलगा, हसतमुख, सगळ्यांना ताई म्हणणारा. टेम्पो, स्पीकर, मागे लावायचा बॅनर, सगळं तो बघणार होता. निर्मलाने सांगितलं, "मला माझ्या पाड्यावर करायचंय. आमच्या बोलीत."

जानेवारीत ती घरी आली. झोडणी संपली होती, खळं मोकळं होतं. पाणीटंचाईवरचं नाटक तिने पाड्यावरच्या बायकांनाच घेऊन बसवलं. तहसीलदाराचं काम कुणी करेना, तेव्हा सोनीबाई उठली. लडक्याचा शर्ट लुगड्यावर चढवला, खिशाला पेन लावलं आणि खुर्चीवर बसून सगळ्यांना उद्या या, उद्या या म्हणू लागली. बायकांना तालीम पुरी करता येईना, इतक्या हसत होत्या.

प्रयोगाच्या दिवशी भावेश म्हणाला, "ताई, शेवटी तुमचा तो हात वर करायचा खेळ आहे ना, त्यात रस्त्याचंही एक वाक्य घाला. लोकांना रस्ता हवाच असतो."

हवाच होता. पावसाळ्यात आजाऱ्याला झोळीत घालून चिखलातून न्यावं लागे. निर्मलाने वाक्य घातलं.

सारा पाडा खळ्यावर आला होता. नाटक संपल्यावर निर्मला मधोमध उभी राहिली. "ज्यांना घरापाशी पाणी हवं, हात वर!" दोनचार हात लाजत वर गेले. "ज्यांना दवाखाना हवा!" आणखी गेले. "ज्यांना रस्ता हवा!" म्हातारेसुद्धा उठले.

"एक हात पुरे का गो?" सोनीबाई ओरडली. अंगात अजून शर्ट होता. "तहसीलदार आहे मी, दोन करते!"

हशा पिकला. भावेशने बाजूच्या दगडावर चढून फोटो काढले. "कॉलेजला लागतील ना," तो म्हणाला. निर्मलाने पहिल्यांदाच आपल्या माणसांचे इतके हात एकदम पाहिले. लडक्याचाही त्यात होता.

उन्हाळ्यात तलासरीला मंडप उभा राहिला. गुजरातकडे जाणारा नवा रुंद रस्ता होणार होता, त्याची सरकारी सुनावणी. दोन्ही बाजूंनी कुंपण असणारा, पाड्याकडे फाटा नसलेला रस्ता. त्याच्या आखणीत सोनीबाईचं खाचर जात होतं, अर्ध्या पाड्याची जमीन जात होती, खळंही जात होतं. सुट्टीला आलेली निर्मला फुईच्या शेजारी बसली होती. लोक एकेक करून उठत, आम्हाला नको म्हणत. मग रस्ता बांधणाऱ्या कंपनीच्या माणसाने पडद्यावर फोटो लावला.

खळं. वर झालेले हात. पुढे शर्ट घातलेली सोनीबाई, दोन्ही हात आभाळात. खाली लिहिलं होतं, ग्रामस्थांचा रस्त्याला उत्स्फूर्त पाठिंबा.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "या बाई आल्या आहेत का?"

सोनीबाई उभी राहिली. "मीच ती. पण तो खेळ होता, साहेब."

"खेळात कुणी दोन-दोन हात वर करतं का?"

निर्मला उठली. पोटातून आवाज काढायला शिकली होती, तो काढला. हे नाटक होतं, ते आपण बसवलं होतं, रस्ता म्हणजे दवाखान्यापर्यंतचा रस्ता, हा नव्हे. साहेबांनी ऐकून घेतलं. कंपनीचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम नाटकाचं शिक्षण घेतात. आता बोलल्या ते कशात धरायचं?"

पुढच्या रांगेतले काहीजण हसले. भावेश मंडपाबाहेर भेटला. "आमच्या संस्थेला पैसा त्यांचा आहे, हे खरं," तो म्हणाला. "पण मला कुठे माहीत होतं, ताई? माझं काम फोटो पाठवायचं."

परत जाताना जीपमध्ये निर्मलाच्या शेजारची जागा रिकामी राहिली. सोनीबाई मागे, बायकांमध्ये जाऊन बसली.

कॉलेजात मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "फार महत्त्वाचा अनुभव आहे हा. यावर लिही. संमती, प्रेक्षक, सत्ता. असं आपल्या वर्गात कुणाकडेच नाही."

"आणि कंपनीला पत्र? कॉलेजकडून?"

"बघते. वर विचारावं लागेल."

निर्मलाने लिहिलं. वर्गात सर्वांत जास्त गुण तिला मिळाले. पत्र वरून खाली आलं नाही.

डिग्री घेऊन ती पाड्यावर परतली तेव्हा आवणी आटोपली होती. सोनीबाईनेही खाचरात भात लावलं होतं. आखणीचे पिवळे दगड रोपांमधून वर आलेले होते. फुई तिला जेवू घाली, पण बोलणं कामापुरतं. "मीठ घे." "भांडं ठेव तिथे."

मग ग्रामसभा लागली. ही शेवटची संधी, असं सगळ्यांना कळत होतं. सभेने विरोधाचा ठराव केला तर काम अडणार होतं. शाळेच्या पडवीत पाडा जमला. लडक्या होता, तालमीत हसणाऱ्या त्या बायका होत्या. सोनीबाई खांबाला टेकून बसली होती. ग्रामसेवकाने ठराव वाचला. कोपऱ्यात कुणीतरी मोबाइल धरून उभा होता.

"ज्यांचा रस्त्याला विरोध आहे," ग्रामसेवक म्हणाला, "त्यांनी हात वर करा."

कुणी हलेना. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बायकांनी हात पदराखाली घेतले. लडक्याने दोन्ही पंजे मांड्यांखाली सरकवले आणि समोर पाहत राहिला.

"अरे, विरोध आहे ना तुमचा? मग करा की वर."

निर्मलाने हात वर केला. कोपर सरळ, बोटं मोकळी, शिकली होती तसा. तिने आजूबाजूला पाहिलं. दुसरा हात दिसला नाही.

"एक," ग्रामसेवक म्हणाला.

सोनीबाईने हात लांबवून तिच्या ओढणीचं टोक ओढलं. कितीतरी महिन्यांनी ती पहिल्यासारख्या आवाजात बोलली.

"खाली घे गो, पोरी. फोटो काढतील."