मागच्या फळीचे खिळे

शेजारच्या मालतीबाई गाणं शिकवतात. त्यांना मी हौसेने प्लायवूडचा स्पीकर करून दिला होता. परवा गेलो, तेव्हा त्या एक हात कानावर दाबून धरून त्यावर गाणं ऐकत होत्या. मला वाटलं, कौतुकच चाललंय.

"हात काढला की तानेबरोबर काहीतरी कुरकुरतं," त्या म्हणाल्या. "माझे कानच गेले असतील. पंधरा दिवस शिकवणी बंद ठेवलीय. मलाच सूर नीट ऐकू येत नसेल, तर मुलींना काय शिकवू?"

दुकानदाराने मला बजावलं होतं, थरथरीने खिळे सैल होतात, स्क्रूच घ्या. पण प्रत्येक स्क्रूसाठी आधी भोक पाडायचा कंटाळा आला, म्हणून मागची फळी मी खिळ्यांनीच ठोकली. भिंतीकडची बाजू कोण बघणार होतं? न दिसणाऱ्या जागी केलेला आळस दुसऱ्या कुणाला स्वतःवरच शंका घ्यायला लावतो, हे तेव्हा सुचलंही नव्हतं.

खाली बघतच मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे कान शाबूत आहेत ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मुलींना बोलवायला फोन उचलला. त्या रागावल्या असत्या, तर मला थोडं हलकं वाटलं असतं.