पार-लों

कामोठ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी शाळेच्या मुलींची फ्रेंचची शिकवणी घेते. नवऱ्याला पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. तेव्हा त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला. आतल्या खोलीत बोर्ड लावायला जागा नव्हती, म्हणून शिकवणीही हॉलमध्येच चालू राहिली.

एकदा नववीच्या मुलींना ‘बोलणे’ हे क्रियापद शिकवत होते. ‘आम्ही बोलतो’चं रूप बोर्डावर तोडून दाखवलं. मूळ धातू ‘पार्ल’, त्याला ‘ओं’ हा प्रत्यय.

“पण म्हणताना असं तोडायचं नाही,” मी म्हटलं. “ल पुढच्या तुकड्यात जातो. टाळी वाजवून म्हणा, पार-लों.”

“पार-लों,” मुली म्हणाल्या.

पलंगावरून जाड, ओला आवाज आला, “पार-लों.”

हॉस्पिटलमधून आल्यापासून त्यांच्या तोंडून नीट असा एक शब्द निघाला नव्हता. एक मुलगी हसली, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. मी पलंगाजवळ गेले. “अहो, मला हाक मारा ना.”

ओठ हलले, आवाज आला नाही.

“पार-ले,” मी ‘तुम्ही बोलता’चं रूप म्हटलं.

“पार-ले.”

स्पीच थेरपिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “ऐकलेलं परत म्हणणं वेगळं, मनातलं बोलणं वेगळं. पण चांगली खूण आहे.”

मग मी मागेच लागले. चहा पाजताना, अंग पुसताना, फि-नि-सों, म्हणजे आम्ही संपवतो; पार-ति-रों, म्हणजे आम्ही निघू. सगळं बरोबर यायचं. ‘पाणी’ म्हटलं की ‘पाणी’ही यायचं; पण तहान लागली की नुसते माझ्याकडे बघत राहायचे. सासूबाई गावाहून फोनवर विचारायच्या, “बोलतो का गं?” मी हो म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मुली टाळ्या वाजवत होत्या, हे मात्र गप्प.

“म्हणा ना, फि-नि-सों.”

त्यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडासमोर धरला.

“पुरे,” ते म्हणाले.

हा शब्द मी दिलेला नव्हता. मुलींना लवकर घरी पाठवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. हे त्यांना आजच नकोसं झालं, की पहिल्यापासूनच नको होतं? विचारून उपयोग नव्हता.

आता शिकवणी आतल्या खोलीत घेते, बोर्डाशिवाय, दार लावून. त्यांचे शब्द अधूनमधून येतात. नको. पंखा. दुखतं. कुठे दुखतं, ते अजून सांगता येत नाही.