भापकर पैसे मोजत नाहीत

ग्वाल्हेरमधल्या हरिशंकरपुरम वस्तीतल्या भापकरांकडे एक रीत होती आणि दौलतसिंह भापकरांना तिचा भारी तोरा होता. त्यांच्या घरात पैसे मोजत नसत. पणजोबा शिंदे सरकारच्या फौजेत घोडेस्वार होते. त्यांना म्हणे एकदा बक्षिसाची थैली मिळाली, ती त्यांनी न उघडता कमरेला बांधली आणि म्हणाले, मोजणं हे मुनिमाचं काम. थैलीत किती होतं हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. कसं असणार? मोजलीच नव्हती ना. पण त्या एका वाक्यावर भापकरांच्या चार पिढ्या मान ताठ करून जगल्या.

दौलतसिंह काही घोड्यावर बसत नसत. ते मालनपूरच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यावर सुपरवायझर होते आणि सकाळी साडेसातला चौकातून कारखान्याची बस पकडत. पण पहिली तारीख आली की घरी दरबार भरे. दौलतसिंह सोफ्यावर ताठ बसून घरखर्चाच्या नोटांची घडी बायकोपुढे धरत आणि नजर छताच्या पंख्याकडे लावत. सुधाताई ती घडी न बघता घेत, कपाळाला लावत आणि स्वयंपाकघरात जात. गरिमा आणि समरजीत ही दोन्ही मुलं हे बघतच मोठी झाली. समरजीत आता पुण्यात नोकरीला आहे आणि तिथल्या मित्रांना अजून ऐकवतो, "हमारे यहाँ पैसे गिनते नहीं, यार."

आता खरं सांगायचं तर दौलतसिंह मोजत. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, बोट ओलं करून तीनदा मोजत. पहिल्या तारखेला बाबांची आंघोळ लांबते एवढंच घराला माहीत होतं. एकदा तर पाचशेची नोट बादलीत पडली आणि ती इस्त्रीखाली वाळवताना त्यांनी सुधाताईंना सांगितलं की रुमाल आहे.

असा हा माणूस. मनानं सोन्यासारखा, पण शान म्हटली की डोकं गहाण. गरिमाचं लग्न ठरलं तेव्हा व्याही बिचारे सरळ म्हणाले होते की साधंच करू या, खर्च अर्धा अर्धा. झालं! "भापकरांकडे साधं होत नाही," असं दौलतसिंह बोलून गेले आणि बोललेलं परत गिळायची सवय घराण्यात नव्हती. सातशे पानं, दोन बँड, पांढरी घोडी, आणि आइस्क्रीमचे आठ प्रकार. मांडवात सगळे वाहवा करत होते तेव्हा नवरीचा बाप मनातल्या मनात हिशेब करत होता, कारण लग्नाच्या पंधरा दिवस आधी त्यांनी सिटी सेंटरमधल्या बँकेत जाऊन निवृत्तीसाठी ठेवलेली एफडी मोडली होती. गावाकडची जमीन विकून ठेवलेले नऊ लाख. म्हातारपणाचा तेवढाच आधार, आणि तो आइस्क्रीमच्या आठ प्रकारांत वितळला.

हे सुधाताईंना सांगायची छाती झाली नाही. उलट त्यांनी जे केलं ते भापकरच करू जाणे. सुधाताई त्या एफडीची पावती दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात चौरंगावर ठेवत. मोडताना बँकेनं पावती परत घेतली असती आणि चौरंग रिकामा राहिला असता. म्हणून बँकेत जायच्या आधी दौलतसिंहांनी थाटीपुरातल्या एका दुकानातून तिची रंगीत झेरॉक्स काढून घेतली, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि कपाटात ठेवून दिली. नऊ दिवाळ्या भापकरांच्या घरी झेरॉक्सची पूजा झाली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं यथासांग. लक्ष्मीनं काही हरकत घेतली नाही.

पण माणूस बेईमान नव्हता हो. लग्नाचे पाहुणे गेले त्याच महिन्यात त्यांनी कुसुमताईंना गाठलं. कुसुमताई म्हणजे पोस्टाच्या एजंट, अर्ध्या वस्तीची आरडी त्यांच्या हातून भरली जाई. दौलतसिंहांनी घरखर्चाच्या घडीतून दरमहा चार हजार कमी करायचे ठरवले, आरडीत टाकायचे आणि निवृत्तीपर्यंत तो खड्डा बुजवायचा. सुधा काही मोजत नाही, तिला कळायचंच नाही. दर महिन्याच्या तीन तारखेला, बस यायच्या आधी, चौकातल्या नीमच्या झाडामागे कुसुमताई स्कूटी लावत आणि भापकर साहेब इकडे तिकडे बघत त्यांच्या हातात पैसे ठेवत.

अशी नऊ वर्षं गेली आणि निवृत्तीचा जानेवारी उजाडला. दौलतसिंहांच्या खात्यात व्याजासकट पाच लाख साठ हजार झाले होते. नऊ काही झाले नव्हते. आणि सुधाताईंनी तर दिवाळीनंतर लगेच पोस्टातून ज्येष्ठ नागरिकांच्या बचत खात्याचा फॉर्म आणून फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला होता. "अहो, तुम्ही एकतीसला रिटायर झालात की सोमवारी बँकेतून एफडी काढू आणि पोस्टात टाकू. दर तीन महिन्यांनी व्याज येईल. पोरांपुढे हात पसरायला नको," त्या म्हणाल्या. तेव्हापासून दौलतसिंहांना फ्रिज उघडायची भीती वाटायला लागली. थंड पाणी पिणं सोडलं त्यांनी, ग्वाल्हेरच्या थंडीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. बायकोला फसवलं, आता समरजीतकडे पैसे मागावे लागणार, ह्या विचारानं त्यांना जेवण जाईना. सोमवारच्या आत सांगायचं, असं ते रोज ठरवत आणि रोज पंख्याकडे बघत बसत.

एकतीस तारखेला कारखान्यानं शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. दौलतसिंह ते सगळं घेऊन घरी आले तर सुधाताई मोरपंखी साडी नेसून दारातच उभ्या.

"घड्याळ ठेवा आणि चला. मेळ्यात जायचं."

"आज?"

"बत्तीस वर्षं म्हणताय, रिटायर झालो की मोठ्या झुल्यात बसू. झालात ना?"

मेळा म्हणजे ग्वाल्हेरचा व्यापार मेळा. अर्धं शहर तिथं करात सूट मिळते म्हणून गाडी घ्यायला जातं आणि बाकीचं अर्धं पापड खायला. सुधाताईंचा जीव मात्र तिथल्या आकाशझुल्यात होता. दौलतसिंह नेहमी म्हणायचे की भापकरांना असं पाळण्यात बसणं शोभत नाही. खरं कारण असं की त्यांना दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरसुद्धा भोवळ येई. पण आज नाही म्हणायला तोंड नव्हतं. ज्या बाईचे नऊ लाख आपण उडवले तिला एक झुला नाकारायचा कसा?

खिडकीवर त्यांनी नेहमीप्रमाणे नोट दिली, उरलेले पैसे न बघता खिशात टाकले, आणि पाळण्याचा दांडा दोन्ही हातांनी असा धरला की बोटं पांढरी पडली. झुला हलला. खाली तिळाची गजक, शेंगदाणे, स्वेटरची दुकानं, लाल पिवळे दिवे, सगळं गरगर फिरायला लागलं. सुधाताई खुदखुदत होत्या. दौलतसिंहांनी डोळे मिटले. पहिला फेरा, दुसरा फेरा, आणि मग खाली माणसं चढवायला उतरवायला झुला थांबला तो नेमका ह्यांचा पाळणा सगळ्यात वर असताना. पाळणा डुलत होता. दौलतसिंहांनी एक डोळा उघडला. दूर किल्ला दिसला, दिव्यांनी उजळलेला. खाली बघितलं आणि त्यांचं अवसान गळालं. आता मेलोच, तर खोटं पोटात घेऊन कशाला मरायचं, असं त्यांना वाटलं.

"सुधा, एफडी नाहीये," ते डोळे घट्ट मिटून म्हणाले. "गरिमाच्या लग्नात मोडली. तू पूजा करतेस ती झेरॉक्स आहे."

पाळणा जोरात हलायला लागला. दौलतसिंहांना वाटलं, रडतेय. त्यांनी घाबरत डोळे उघडले तर बाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, इतक्या की पाळणा गदगदा हलत होता.

"हलू नकोस, हलू नकोस," दौलतसिंह म्हणाले.

"अहो, पहिल्याच दिवाळीला कळलं मला. पाकिटातून काढून ओल्या बोटानं कुंकू लावलं तर इतकी वर्षं कधी न पुसलेला बँकेचा शिक्का माझ्या बोटाला आला. निळं बोट घेऊन आरती केली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही मान खाली घालून घरात वावरला असता. मला ते बघवलं नसतं." आता त्यांचं हसू जरा ओसरलं. "आणि घडीत चार हजार कमी का येताहेत तेही तेव्हाच समजलं. माणूस काहीतरी निस्तरतोय."

दौलतसिंह भोवळ विसरले. "तुला कसं कळलं चार हजार कमी आहेत?"

"मोजून."

"तू मोजतेस?"

"लग्न होऊन आले त्या महिन्यापासून. पिठाच्या डब्याआड उभी राहून. तुम्ही न्हाणीघरात तीनदा मोजता, मी दोनदाच मोजते. माझं पहिल्यांदाच बरोबर येतं."

सुधाताई आता थांबायला तयार नव्हत्या. शेजारच्या सोनिकानं येऊन सांगितलं होतं की तुमचे साहेब दर तीन तारखेला झाडामागे कुसुमताईंना भेटतात, जरा लक्ष ठेवा. सुधाताईंनी कुसुमताईंना चहाला बोलावून सरळ विचारलं. कुसुमताई म्हणाल्या, "वहिनी, तुमचं मी दादांना सांगते का? मग त्यांचं तुम्हाला कसं सांगू?" त्यातच सगळं सांगून झालं होतं.

"तुमचं म्हणजे काय? तुझं काय आहे कुसुमताईंकडे?" दौलतसिंहांनी विचारलं.

सुधाताई दुपारी शेजारणींच्या साड्यांना फॉल लावत, पिको करत. वेळ जातो, असं म्हणत. दौलतसिंहांना ते फारसं आवडत नसे, पण वेळ जातो म्हटल्यावर ते गप्प बसत. त्या वेळातून नऊ वर्षं दरमहा तीन हजार रुपये पोस्टात जात होते.

"चार लाख तीस हजार," सुधाताई म्हणाल्या. "तुमचे किती?"

"पाच साठ."

दोघांनी एकदमच बोटांवर बेरीज केली. मेळ्याच्या माथ्यावर, शंभरेक माणसं खालून बघत असताना, भापकर घराण्याचे वारस बोटं मुडपत मोजत होते. नऊ लाख नव्वद हजार. खड्डा दोन्ही बाजूंनी बुजवता बुजवता वर चक्क उंचवटा झाला होता.

"मग तो फॉर्म फ्रिजवर कशाला लावलास? माझं पाणी तोडलंस तू," दौलतसिंह म्हणाले. त्यांना आता हसू येत होतं.

"तुम्ही बोलावं म्हणून. नऊ वर्षं वाट बघितली. आज खालीच बोलला असतात तर झुल्याचे पैसे वाचले असते."

तेवढ्यात झुला सुटला. पाळणा खाली कोसळला आणि दौलतसिंह भापकर ओरडले. भीतीनं नाही हं. नऊ वर्षांचं ओझं एका फेऱ्यात उतरलं तर माणूस ओरडणारच. चौथ्या फेऱ्याला त्यांनी दांडा सोडून दोन्ही हात वर केले. सुधाताईंना ते इतके आवडले की लग्नाच्या दिवशीही आवडले नसतील.

उतरल्याबरोबर गडी पुन्हा खिडकीवर. दोन तिकिटं अजून. आतल्या माणसानं उरलेले पैसे पुढे सरकवले आणि दौलतसिंहांनी तिथंच, सगळ्या रांगेसमोर, मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. दहा, वीस, तीस.

"अंकल, पूरे हैं," तो माणूस म्हणाला.

"पूरे हैं, मालूम है. फिर भी गिनूँगा," दौलतसिंह म्हणाले, आणि त्यांनी परत पहिल्यापासून मोजलं.

सोमवारी दोघं पोस्टात गेले आणि फ्रिजवरचा फॉर्म भरून आले. वरच्या मजल्याचं भाडं, जराशी पेन्शन आणि खात्याचं व्याज धरून महिन्याला वीस हजारांत घर चालवायचं असं ठरलं. व्यवहार सुधाताईंनी बघायचा आणि बाजारहाट दौलतसिंहांनी. झेरॉक्स मात्र त्यांनी फेकू दिली नाही. नऊ वर्षं पूजा झाल्येय तिची, असं म्हणून पुन्हा कपाटात ठेवली.

मार्चची पहिली तारीख आली. दौलतसिंह सवयीनं सोफ्यावर ताठ बसले, पण हात रिकामे होते. पगार नसलेली त्यांची ती पहिली पहिली तारीख. त्यांना एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सुधाताई स्वयंपाकघरातून आल्या, घरखर्चाच्या नोटांची घडी त्यांच्यापुढे धरली आणि छताच्या पंख्याकडे बघायला लागल्या.

दौलतसिंहांनी घडी घेतली, कपाळाला लावली, आणि तिथंच सोफ्यावर बसून बोट ओलं करून मोजली. मग पुन्हा मोजली.

"सुधा, सोळाच आहेत. चार कमी आहेत."

"हो," सुधाताई पंख्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

बाहेर फाटकाशी स्कूटी थांबल्याचा आवाज आला. आज कुसुमताईंना झाडामागे उभं राहायची गरज नव्हती. त्या नव्या आरडीचा फॉर्म हातात घेऊन सरळ दारातून आत येत होत्या.