हेल्मीमावशीचे हातमोजे

हेल्मीमावशी गेली तेव्हा स्वीडनमधल्या बोरोस गावातल्या आमच्या एस्टोनियन मंडळाच्या पत्रिकेत सहा ओळी छापून आल्या. 'विणकामाची आवड असलेल्या ज्येष्ठ सभासद.' आवड म्हणे. म्हणून हे मी लिहिते आहे, आणि सौम्य लिहिणार नाही.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात एस्टोनियात रशियन फौजा आल्या, तेव्हा तेवीस वर्षांची मावशी मासेमारी होडीतून समुद्र ओलांडून स्वीडनला आली. निर्वासितांच्या छावणीत तिच्या लक्षात आलं, की सामान गेलं तरी बायकांच्या हातांत घरचे लोकरी हातमोजे आहेत आणि प्रत्येक गावाची नक्षी वेगळी आहे. मोजे विरून जाणार होते, बायकाही म्हाताऱ्या होणार होत्या. तिने चौकटीच्या कागदावर एकेक टाका उतरवायला सुरुवात केली. खाली नक्षी देणारीचं नाव, गाव, आणि तिला कुणी शिकवलं ते.

पुढे पंचवीस वर्षं आठवडाभर कापडगिरणीत मागावर उभं राहायचं आणि रविवारी सायकलवरून एस्टोनियन घरं शोधत फिरायचं. लग्न राहून गेलं. चारशेबारा बायकांच्या नक्ष्या जमल्या.

मग मंडळाने मावशीच्या कागदांवरून त्या नक्ष्यांचं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर अध्यक्ष एवाल्ड किर्सिपू यांचं नाव. आत चारशेबारा नक्ष्या आणि नाव एकीचंही नाही. मावशीचे आभार शेवटच्या पानावर, छपाईच्या कागदाच्या माहितीखाली. या माणसाने जन्मात सुई हातात धरली नव्हती.

प्रकाशनाच्या दुपारी मावशीने त्याला सभागृहातच गाठलं. मी शेजारी उभी होते. नावं कुठे गेली, असं तिने विचारलं.

"अगं हेल्मी, नक्षी लोकांची असते," तो समजूत घालायच्या सुरात म्हणाला. "कुणा एकीची नसते."

"मग वर तुझं नाव कशाला एवाल्ड? तेही लोकांचंच घालायचं."

कॉफी ओतणाऱ्या बायका हसल्या. तो लाल झाला आणि हे बायकी भांडण इथे नको म्हणाला.

मावशी भांडली नाही. तिने सगळी नावं टंकलिखित केली, गिरणीच्या कचेरीतून आठ पानांच्या प्रती काढून घेतल्या आणि पुढचे तीन रविवार विक्रीच्या टेबलाशी खळ घेऊन बसली. पानं चिकटवल्याशिवाय एकही प्रत बाहेर जाऊ दिली नाही. मी ब्रश धरत होते. म्हाताऱ्या बायका यायच्या, आपलं नाव बोटाने शोधायच्या, मगच पुस्तक घ्यायच्या.

त्याबद्दल मंडळाने तिला वर्षभर निलंबित केलं. आमच्यातल्या एकाही पुरुषाने विरोधात हात वर केला नाही, माझ्या नवऱ्यानेही नाही. मूळ कागद मंडळाच्या मालकीचे आहेत, असंही पत्र आलं. तिने ते चुलीत घातलं आणि कागदांच्या पेट्या पलंगाखाली सरकवल्या.

एक्क्याण्णवमध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला. पुढच्या उन्हाळ्यात एकाहत्तर वर्षांची मावशी त्या पेट्या घेऊन बोटीने तिथल्या राजधानीला, टालिनला गेली. एका संग्रहालयाकडून तिने लिहून घेतलं, की नावाशिवाय एकही नक्षी मांडायची नाही. तिथल्या बाईंनी सही केली. तिथून ती मूहू बेटावर आपल्या गावी गेली आणि शाळेतल्या मुलींना महिनाभर हातमोजे विणायला शिकवून परतली.

किर्सिपू गेला तेव्हा पत्रिकेने त्याला दोन पानं दिली होती, फोटोसकट. त्यात पुस्तकाचा उल्लेख तीनदा होता. मावशीच्या त्या सहा ओळी वाचून मी मंडळात गेले. आताचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, जुनं कशाला उकरता?"

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.