लंगोटांच्या घड्या घालणारी बाई

आठ महिन्यांच्या मुलाचा मेंदू वाया जाऊ नये, म्हणून मी त्याला जळगावातल्या एका पाळणाघरात घातलं. तिथे आईबापांना चित्रांची कार्डं देत. भर मे महिन्यात तिथल्याच कूलरसमोर बसून मी चिरंजिवांना धडाधड शिकवायचो: हत्ती, जिराफ, पेंग्विन. जळगावच्या उन्हात पेंग्विन ओळखता आला नाही, तर पोराचा पुढे निभाव कसा लागणार?

कोपऱ्यात लंगोटांच्या घड्या घालत एक बाई बसलेली असे. तिचं कसलंही प्रशिक्षण झालेलं नव्हतं, ते दिसतच होतं. माझ्या मुलाला ती विचारी, "काय म्हनस रे तुन्हा बाप?" आणि हातातली घडी तशीच धरून खरोखर उत्तराची वाट पाही. चांगलं अर्धं मिनिट! तो "अगू" म्हणाला की मान डोलावून "आसं का?" म्हणे, आणि मगच पुढचा लंगोट उचली.

शेवटी मीच तिला समजावलं, "मावशी, त्याला अजून बोलता येत नाही."

ती हसली. "भाऊ, बठ्ठं तुम्हीच बोली टाकतस. त्यानी पाळी कव्हय येई?"

सगळं मीच बोलून टाकतो म्हणे, मग त्याची पाळी कधी येणार! अडाण्यांशी वाद घालू नये, म्हणून मी पुढचं कार्ड काढलं.

रविवारी घरात कुणी नाही असं पाहून मी मुलाला समोर घेतलं. विचारलं, "काय रे, बाबा आवडतो का तुला?" आणि तोंड मिटून वाट पाहिली.

तो माझ्या तोंडाकडे बघेचना. माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला, कार्ड कधी निघतंय म्हणून.