गेमवालं गाणं आणि ताईची वरात

पॉवर मेटल, म्हणजे भरधाव वेगाचं रॉक संगीत, हा शब्द मी फार उशिरा ऐकला. त्याआधी कितीतरी वर्षं माझ्यासाठी ते फक्त 'गेमवालं गाणं' होतं, आणि आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावकडच्या पोरांसाठी ते आजही तेच आहे.

मी नागपूरला आयटीआय करत होतो. वर्कशॉपपेक्षा माझा जास्त वेळ एका मॉलच्या गेम झोनमध्ये जायचा. तिथे एक प्लास्टिकची गिटार होती. तिला तारा नव्हत्या, मानेवर नुसती पाच रंगांची बटणं. समोरच्या पडद्यावर रस्त्यासारखी पट्टी सरकत यायची, तिच्यावरून रंगीत टिकल्या यायच्या, आणि ज्या रंगाची टिकली येईल ते बटण दाबायचं. सगळ्यात अवघड गाणं शेवटी ठेवलेलं होतं. ते सुरू झालं की टिकल्यांचा असा लोंढा यायचा की भले भले पहिल्या ओळीतच बाद व्हायचे, आणि मागे रांगेत उभे असलेले खूश व्हायचे.

आता विचार केला तर गंमत वाटते. परदेशातल्या कुठल्याशा बँडनं ते गाणं जीव तोडून बसवलं असणार, लोकांनी ऐकावं म्हणून. आमच्यापैकी कोणी ते ऐकलंच नाही. आम्ही त्यात पास तरी झालो, नाहीतर नापास. त्याचे शब्द काय, त्याला दुःख आहे की आनंद, असा प्रश्नही कोणाला पडला नाही. मी ते शेवटपर्यंत वाजवलं त्या दिवशी दहा-बारा अनोळखी पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपण कोणीतरी मोठे कलाकार आहोत असा माझा समज झाला. आवाज सगळा मशीनचा होता, माझी फक्त बोटं होती, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

आयटीआय झाली, नोकरी लागली नाही, आणि मी धुमाल पार्टीत कॅसिओवर बसलो. धुमाल म्हणजे आमच्याकडे वरातीपुढे वाजवणारी पार्टी. ढोल-ताशेवाले पायी चालतात आणि मधोमध पिकअपमध्ये भोंगे, जनरेटर आणि कॅसिओवाला. मोबाईलवर व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून, एकेक तुकडा घोटून मी ते गाणं कॅसिओवर बसवलं. तोवर ते गावागावातल्या पोरांच्या मोबाईलवर पोचलं होतं. कुठल्या ना कुठल्या गेममध्ये ते असायचंच. वरात चौकात आली की फर्माईश ठरलेली. "भाऊ, तो गेमवाला गाना वाजव ना."

बाबांना हे अजिबात पटलं नाही. आमचं घर पवार समाजातलं, स्वतःच्या धानाच्या बांध्या असलेलं, चोरखमारा तलावाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं पाणी शेतात येणारं. लोकाच्या वरातीत वाजवणारा आपल्या घरात कोणी झाला नाही, हे त्यांनी एकदा सांगितलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. काही काम असलं तर निरोप ताईकडून. "त्याले म्हण, नहराले पाणी सुटलं." हा 'त्याले' म्हणजे मी, त्यांच्याच शेजारी जेवायला बसलेला. ताई माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची आणि तेच वाक्य जसंच्या तसं मला पुन्हा ऐकवायची.

ज्या लग्नात आमची पार्टी असेल तिथे बाबा जातच नसत. मी वाजवायला लागून काही वर्षं झाली तरी त्यांनी मला एकदाही ऐकलं नव्हतं. मला याचा संताप यायचा आणि वाईटही वाटायचं. अख्ख्या तालुक्याची वाहवा एकीकडे, पण या माणसानं एकदा उभं राहून ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

मग ताईचं लग्न ठरलं, चिचगडकडे. नवरदेवानं हौसेनं आमचीच पार्टी सांगितली. ताईनं मला आधीच बजावलं. "तू त्या दिवशी कॅसिओले हात नको लावू. बाबाच्या बाजूले उभा राय. पाहुण्यायसमोर त्यायले तुयाशी बोलाच लागन." म्हणून माझ्या जागी दुसरा कॅसिओवाला बसवला, आणि मी नवा शर्ट घालून मांडवात बाबांच्या शेजारी खांबासारखा उभा राहिलो. बाबा पाहुण्यांशी बोलत होते, आचाऱ्याशी बोलत होते, माझ्याशी नाही.

मे महिन्याचं ऊन होतं आणि मुहूर्त दुपारच्या आतला. वरात शाळेतल्या जानवशावरून, म्हणजे वऱ्हाडाच्या मुक्कामावरून, निघाली खरी, पण पुढे सरकेना. भोंग्यांचा आवाज नहराच्या पुलाकडून येत होता आणि तिथेच थांबला होता. बाबा घड्याळाकडे बघत मांडवाच्या खांबाला म्हणाले, "कोणी जाऊन सांगा त्यायले, जरा जल्दी करा."

मी पळालो. पुलावर पोरं नाचत होती, एकेक गाणं दोन-दोनदा वाजवून घेत होती, आणि कॅसिओवाला बिचारा सांगतील ते वाजवत होता. मी त्याला बाजूला केलं. मनात हिशोब सोपा होता: गाणं जलद लावलं की पाय जलद उचलतील. माझ्याजवळचं सगळ्यात जलद गाणं कोणतं, ते सांगायला नको. शिवाय मांडव तिथून काही लांब नव्हता. बाबांच्या कानावर पडणार, हेही मनात होतंच.

इतक्या वराती वाजवलेला माणूस मी. चालवायचं तर संथ चाल लावायची आणि नाचवायचं तर जलद, हे पार्टीतल्या नवख्यालाही कळतं. पण नवरीचा भाऊ झाल्यावर मला काहीच कळेनासं झालं. मी वाजवायला लागलो आणि वरात जागच्या जागी रुतली. नाचणारी पोरं नाचायची थांबली आणि पिकअपला वेढा घालून माझ्या बोटांकडे बघू लागली. सगळ्यांचे मोबाईल वर. नवरदेवसुद्धा घोड्यावरून वाकून रेकॉर्डिंग करत होता. मला वाटलं, आता मधेच थांबलो तर आणखी तमाशा होईल, म्हणून मी वेग वाढवला.

तेवढ्यात गर्दी फाकली आणि बाबा येताना दिसले. डोक्याला फेटा, तोंड घामानं भिजलेलं. पोरं आपोआप मागे सरली. माझी बोटं चालूच होती, कारण थांबवायचं कसं तेच सुचेना. ते पिकअपजवळ येऊन उभे राहिले आणि बघत राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. कडव्याचा शेवट आला तसा मी थांबलो. आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार, अशी मी तयारीच केली होती.

"तुयी बहीण वाट पाहून राहिली," ते म्हणाले. थेट मला. "इतक्या जोरात वाजवशीन तं लोकं चालतीन कशे? हळू वाजव."

दुसरं गाणं शोधायला डोकं जाग्यावर नव्हतं. मी तेच गाणं हळू वाजवलं, एकेक सूर सोडत. ढोल-ताशेवाल्यांना त्या चालीवर काय वाजवावं समजेना, ते गप्प झाले. नुसता कॅसिओ राहिला. नवरदेवाचा घोडा निघाला, मागून बाया निघाल्या, पोरांनी मोबाईल खिशात घातले. पिकअप सुरू झाली. बाबा पुढे गेले नाहीत. पिकअपचा फाळका हातानं धरून माझ्या बाजूनं चालत राहिले.

आणि ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ज्यात मी बोटं पळवली, त्यात अशी एक साधी चाल होती, कोणीतरी लांब निघालंय आणि मागचे बघत उभे आहेत अशी. वेगात ती कधी हाताला लागलीच नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी खाली मान घालून वाजवत राहिलो. ताईशिवाय घर कसं असेल, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता.

"कोणाचं गाणं हाय हे?" बाबांनी विचारलं.

"परदेशातल्या लोकायचं, बाबा."

फेट्याच्या शेवानं तोंड पुसून बाबा म्हणाले, "त्यायच्यातबी पोरी सासरी जात असतीन."

मी तीच चाल पुन्हा पहिल्यापासून धरली. मांडव समोर दिसत होता.