मेश्राम मॅडमनी केलेली नकल

बालाघाट जिल्ह्यात चाळिशी-पन्नाशीचे असे बरेच लोक आहेत, की सत्यभामा मेश्राम बाजारात समोरून आल्या तर त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. खिशात काही नसतं. पण हात जातो.

मॅडम शिकवायच्या रसायनशास्त्र, नाव मात्र झालं उडनदस्त्यात, म्हणजे परीक्षेतल्या नकला पकडणाऱ्या भरारी पथकात. बिरशाकडच्या एका केंद्रावर पाय मोडला म्हणून प्लास्टर घालून आलेला एक मुलगा होता. मॅडमनी त्या प्लास्टरमधून जीवशास्त्राचा अख्खा धडा बाहेर काढला आणि त्याला चालत घरी पाठवलं. घरीही तोच कायदा. नवरा, गुणाकर, तिरोडीच्या मॅंगनीज खाणीत टाइमकीपर होता. एकदा त्याच्या खिशात ऑफिसची पेन्सिल निघाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती पेन्सिल आणि गुणाकर दोघंही परत गेले.

आता दोघंही निवृत्त. मुलगा रजत पुण्याला नोकरीला. त्यानं आईबापाला भिंत भरेल एवढा टीव्ही घेऊन दिला आणि त्यात एक लाल अ‍ॅप टाकून दिलं. त्या अ‍ॅपवर मॅडमना सापडली ‘तेरावी विहीर’ नावाची मराठी मालिका.

खून कोणी केला यापेक्षा मॅडमना वेड लागलं ते त्यातल्या हवालदार बळीरामचं. हा बळीराम अगदी घरच्यासारखा बोलायचा. “काहून बे, झाडावर चढून काय पाहून राह्यला?” असं तो चोराला म्हणाला, तेव्हा मॅडमनी टीव्ही थांबवून तो संवाद दोनदा ऐकला. बालाघाट पडलं हिंदी मुलखात, म्हणून शाळेत हिंदी, बँकेत हिंदी, भाजीवालीशी हिंदी, अशी त्यांची चाळीस वर्षं गेली होती. मराठी राहिली होती ती या दोन खोल्यांत आणि भंडाऱ्याच्या लग्नांत. आता रोज दुपारी तीन वाजता ती टीव्हीतून घरी यायची. दहा-दहा एपिसोडचे दोन भाग कसे संपले, कळलंही नाही.

तिसरा भाग लावायला गेल्या, तर लाल अ‍ॅपवर तो नव्हताच. रजतनं फोनवर सांगितलं, तो आता निळ्या अ‍ॅपवर गेलाय. मॅडमनी निळं घेतलं. दोघांचं पेन्शन येत होतं, पैशाचं दुखणं नव्हतं. निळ्यावर मालिका लागली आणि बळीराम झाडाखाली उभा राहून म्हणाला, “कृपया वृक्ष से नीचे आइए.”

मॅडमना वाटलं, बटण चुकलं. भाषा बदलायचं बटण शोधलं, तिथे हिंदी होती, तमिळ होती, तेलुगू होती. मालिका ज्या भाषेत बनली, ती मराठीच तेवढी नव्हती. कस्टमर केअरला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की मराठी हवी असेल तर हिरवं अ‍ॅप. हिरवं अ‍ॅप घ्यायचं तर त्याचा ओटीपी जायचा रजतच्या नंबरवर आणि रजत असायचा मीटिंगमध्ये. तो मीटिंगमधून बाहेर येईपर्यंत ओटीपी शिळा व्हायचा. असे पाच ओटीपी वाया गेल्यावर सहावा लागला. बळीराम पुन्हा माणसासारखा बोलू लागला. मॅडमना गहिवरून आलं.

तिसऱ्या भागाच्या सहाव्या एपिसोडला बळीरामला गोळी लागली. नेमका त्याच्या मिनिटभर आधी गुणाकर उठला आणि म्हणाला, चहा ठेवतो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, या माणसानं दुपारी तीनला कधी चहा ठेवला नव्हता. पण मॅडमचं लक्ष पडद्यावर. बळीराम विहिरीच्या काठावर कोसळला, एपिसोड संपला आणि मॅडमच्या डोळ्यांतून धारा लागल्या. गुणाकर कप घेऊन आला. बायकोला रडताना पाहून बिचाऱ्याचं मन भरून आलं आणि तो बोलून गेला, “वाचते तो. घाबरू नको.”

मॅडमनी डोळे पुसले. मग हळूच मान वळवली. “तुमाले कसं मालूम?”

गुणाकर म्हणाला, अंदाज. मॅडम काही बोलल्या नाहीत. तीस वर्षं त्या अशाच बोलायच्या थांबायच्या आणि मुलांचं उरलेलं काम मुलंच करायची. अर्ध्या मिनिटात गुणाकरचा हात पायजम्याच्या खिशाकडे गेला. मॅडमनी हात पुढे केला. त्यानं मुकाट्यानं मोबाइल ठेवला. त्यात ‘तेरावी विहीर’ होती. तिसरा भाग, चौथा, पाचवासुद्धा. सगळी मराठीत.

मग सगळं बाहेर आलं. निळ्या अ‍ॅपवर हिंदी निघाली, त्याच आठवड्यात तो काली पुतली चौकात, मोबाइलमध्ये चोरून पिक्चर भरून देणाऱ्या लोकेशच्या दुकानात गेलता. रोज सकाळी मोती गार्डनला फिरायला म्हणून जायचा आणि बाकावर बसून कानात वायर घालून बघायचा. फिरणं दीड तासावर गेलं आणि तरी पोट का वाढतंय, हे कोडं मॅडमना तेव्हा सुटलं.

“मले सांगितलं काहून नाही?”

“तू ठेवलं असतं का मले घरात?”

मॅडमनी त्याच्यादेखत मोबाइलमधलं सगळं पुसून टाकलं आणि जाहीर केलं, की या घरात जे पाहिलं जाईल ते समोरच्या दारानं आलेलं पाहिलं जाईल. दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी तीन वाजता टीव्ही लावला तर हिरव्या अ‍ॅपवर पाटी, की ही मालिका आता इथे उपलब्ध नाही. या भागाचे चार एपिसोड बाकी होते, पुढचे दोन भाग तर अख्खे. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, करार संपलाय. मॅडमनी विचारलं, मग आता कुठे गेली? मुलगी म्हणाली, ही माहिती आमच्याकडे नसते, आणि तुमचा दिवस शुभ जावो.

मॅडमनी चार दिवस कळ काढली. जेवताना, भात कालवताना, गुणाकर मधूनच स्वतःशी हसायचा. पुढे काय होतं ते ठाऊक असलेल्या माणसाचं ते हसू होतं. ते मॅडमना सोसवेना.

पाचव्या दिवशी अकरा वाजता त्या पिशवी घेऊन निघाल्या आणि लोकेशच्या दुकानात शिरल्या.

आता या लोकेशला दहावीच्या परीक्षेत मॅडमनीच पकडलं होतं. कॉलरच्या आतल्या बाजूला त्यानं सूत्रं लिहून आणली होती. त्याचं एक वर्ष गेलं होतं. मॅडमना दारात पाहताच त्यानं एका हातानं कॉम्प्युटर बंद केला आणि दुसऱ्या हातानं कॉलर धरली. मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, ‘तेरावी विहीर’ आहे का. लोकेशनं शपथेवर सांगितलं, की तो असली कामं करत नाही, कधी केली नाहीत आणि दुकानात फक्त कव्हर आणि चार्जर मिळतात. मॅडमनी सांगितलं, मले खरोखरच पाह्यजे. लोकेशचा विश्वास बसेना. बाहेर गाडीत पोलीस असतील म्हणून तो दोनदा रस्त्यावर डोकावून आला. ज्या बाईनं आयुष्यभर नकला पकडल्या, तिला स्वतःच्या नकलेसाठी पंधरा मिनिटं अजीजी करावी लागली.

शेवटी त्याची खात्री पटली. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला आणि विचारलं, “मॅडम, मराठीतली पाह्यजे का हिंदीतली?”

मॅडम स्टुलावर बसल्या. तीन महिन्यांत, तीन कंपन्यांपैकी एकीनंही हे विचारलं नव्हतं.

फाइल उतरेपर्यंत लोकेश बोलत राहिला. गरीब लोक येत असतील असं तुम्हाला वाटत असेल, तो म्हणाला, पण काल एक डॉक्टर आलते, त्यांच्याकडं पाच अ‍ॅप आहेत. दवाखान्यातून दमून यायचं आणि कोणता पिक्चर कुठं आहे ते शोधता शोधता झोपून जायचं. पैसा द्यायला कोणी नाही म्हणत नाही, पैसा देऊनही दार उघडत नाही तेव्हा लोक माझ्याकडं येतात.

“अन् ज्यानं बनवलं त्याले काय भेटते यातलं?” मॅडमनी विचारलं.

लोकेशनं पाचही भाग भरलेला पेनड्राइव्ह काढून मॅडमसमोर ठेवला. “त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही, मॅडम.”

पेनड्राइव्ह त्यांनी पिशवीत मेथीच्या जुडीखाली ठेवला आणि परत येताना ओळखीचं कोणी दिसलं की पदर सावरला.

त्या दुपारी बळीराम वाचला. आठवडाभरात पाचवा भागही संपला. बघून झाल्यावर मॅडमनी कागद घेतला आणि हिरव्या अ‍ॅपच्या कंपनीला मराठीत पत्र लिहिलं. मी, सत्यभामा मेश्राम, सेवानिवृत्त व्याख्याता, बालाघाट, तुमची मालिका चोरून पाहिली आहे. तीन ठिकाणी पैसे भरूनही पूर्ण दिसली नाही म्हणून पाहिली. सगळे भाग एका जागी, बळीरामच्या स्वतःच्या बोलीत ठेवा, मी पुन्हा पैसे भरीन. खाली सही, पत्ता, मोबाइल नंबर. स्पीड पोस्टानं पाठवलं आणि पावती फाइलला लावली.

महिन्यानं उत्तर आलं ते रजतच्या ईमेलवर, कारण खातं त्याच्या नावावर होतं. तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, एवढंच, आणि खाली जोडलेलं आईचं पत्र. रजतनं घाबरून फोन केला. त्यानं विचारलं, आई, तू कंपनीला लिहून दिलंस की आम्ही चोरी केली?

“हौ. सहीसकट.”

रजतनं तिला बराच वेळ कायदा समजावला. मग आवाज बदलून म्हणाला, ते पाचही भाग अजून घरी आहेत का? त्याच्याकडं पुण्यातसुद्धा निळं अ‍ॅप होतं आणि तिथंही बळीराम शुद्ध हिंदी बोलत होता. मॅडम म्हणाल्या, पाठवणार नाही, पाहायचं असेल तर इथे येऊन पाहा.

दोन वर्षांत त्याला सुटी मिळाली नव्हती. पुढच्या शुक्रवारी मिळाली. शनिवार-रविवार तिघं सोफ्यावर बसून होते, जेवणसुद्धा तिथेच. रविवारी संध्याकाळी चौथा भाग अर्ध्यात होता आणि रजतची परतीची गाडी दोन तासांवर. तो मोबाइल घेऊन अंगणात गेला. बालाघाटला वादळ झालंय, रस्ते बंद आहेत, बुधवारपर्यंत निघता येणार नाही, असं साहेबाला सांगताना त्याचा आवाज खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होता. अंगणात तारेवरची चादरसुद्धा हलत नव्हती.

मॅडमनी गुणाकरकडे पाहिलं, मग उठून रात्रीच्या भाताचा तांदूळ, रजतची एक वाटी वाढवून, भिजत घातला.